माशीनं काढलेलं बेट

२०२३ साल, मार्च महिना. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे आधार कार्डावर. आई सांगायची त्या हिशोबानं दोन वर्षं जास्तच. बदनापूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर शिडी लावून मी ‘जागतिक नागरिक घडवू या’ असं लिहीत होतो. या वयात माणसं देवळाच्या पायरीवर बसतात, नाहीतर घरी सुनेच्या चुका मोजतात. मला शिडीवरून खाली उतरवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

खाली गाडेकर मॅडम उभ्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका त्याच, तीन वर्गांच्या बाई त्याच, आणि खिचडीच्या तांदळात खडे आहेत का हे बघणाऱ्याही त्याच.

‘मॅडम,’ मी वरूनच विचारलं, ‘ह्यो जागतिक नागरिक म्हंजे कोण असतोय?’

‘जगात कुठंही गेला तरी ज्याला माणसांत नीट वागता येतं, तो.’

‘मंग आधी तुमच्या सरपंचाला दाखवा. त्याला गावातच येत न्हाई.’

मॅडम हसल्या नाहीत. त्यांना हसायला सवड नव्हती. रोज सकाळी बदनापूरहून इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन या गावात यायची आणि दर जूनला त्यांच्या पटावरची चार-पाच पोरं उचलून न्यायची. पट आणखी घसरला तर शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळणार, असं वरून तोंडी सांगितलेलं होतं. म्हणून मॅडमनी हिंमत करून एक कार्यक्रम ठरवला होता. त्यांच्या फोनवर शिक्षकांचा कसला तरी ग्रुप आहे, त्यात त्यांना मॉरिशस देशातल्या एक बाई भेटल्या. त्या देशात म्हणे मराठी माणसं राहतात आणि शाळेत मराठी शिकवतात. तिकडची पोरं आणि इकडची पोरं टीव्हीवर समोरासमोर बोलणार, आणि गावातले आईबाप ते बघणार. ज्यांच्या मनात व्हॅन भरली होती, त्यांना मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. शाळा राहते का जाते, ते त्या एका सकाळवर होतं.

आणि पोरांच्या मागं दिसणार होता जगाचा नकाशा. तो माझा.

आता धंद्याचं सांगतो. मी तिसरी शिकलो. चौथीच्या मास्तरानं कान पिळला, म्हणून मी शाळा सोडली. मास्तरचं काही बिघडलं नाही, माझंही नाही. जालन्यात सिनेमाचे बोर्ड रंगवणारे एक उस्ताद होते, रहीमभाई. त्यांचे ब्रश धुतले तीन वर्षं. पहिल्या दिवशी मी पाटीवरचं अक्षर अक्षर लावून वाचायला लागलो तर म्हणाले, ‘पढ मत. देख.’ पेंटरला अक्षर वाचायचं नसतं, बघायचं असतं. वाचत बसला की घाई होते आणि काना वाकडा जातो. पुढं मी दुकानाच्या पाट्या केल्या, ट्रकच्या मागचे मोर केले, आमच्या विहाराची कमान केली, जयंतीचे कापडी फलक तर पाच-पाच रंगवले एका आठवड्यात. मंग फ्लेक्सचं मशीन आलं आणि आमच्या पोटावर पाय पडला. मशीनला उन्हात उभं राहावं लागत नाही आणि मशीन चहा मागत नाही. जालन्यातल्या निम्म्या पेंटरांनी मोसंबीच्या गाड्या लावल्या.

मला शाळांनी वाचवलं. सरकारला एके दिवशी वाटलं की भिंती बोलक्या करा. पोरांना ‘गप बसा’ म्हणायचं आणि भिंतीला बोलायला लावायचं, हा न्याय मला कधी कळला नाही, पण माझं त्यात भलं झालं. पाढे, फळं, ऋतू, हात धुवायच्या सात पायऱ्या. आणि व्हरांड्यातल्या मोठ्या भिंतीवर जग.

नकाशा काढायला भूगोल लागत नाही. कागदावरच्या नकाशावर चौकडी आखायची, तेवढीच घरं भिंतीवर आखायची. दोरीला नीळ लावून दोन टोकांना ताणायची आणि मधोमध उचलून सोडायची. फट् करून सरळ रेघ. मग एकेक घर बघून उतरवायचं. सातव्या घरात काय आहे, एक वाकडी रेघ आणि दोन ठिपके. ती रेघ अरबस्तान आहे का आणखी काय, पेंटरला घेणं नाही. असं घर-घर करत मी जिल्हाभर जग वाटत फिरलो.

गिऱ्हाईकं एकेक वल्ली. एका गावच्या हेडमास्तरला चीन बघवेना. ‘दादाराव, आपला देश येवढुसा काहून? थोडा वाढवा की.’ मी म्हणलं, वाढवतो, माझं काय जातंय. पण मग श्रीलंका पाण्यात बुडंल. एका सरपंचाला जगाच्या नकाशात त्याचं गाव पाहिजे होतं. ब्रशचं टोक टेकवलं तर म्हणाला, ‘दिसत न्हाई.’ आणखी टेकवलं. ‘अजून.’ शेवटी त्याचं गाव नेपाळएवढं झालं तेव्हा त्यानं चहा मागवला. एका शाळेत बराबर आफ्रिकेच्या पोटात खिडकी आली. खिडकी उघडली की वाळवंटातून म्हशी दिसायच्या. इन्स्पेक्शनला आलेले साहेब म्हणाले, कल्पक आहे.

आता माशीचं.

माझा मूळ नकाशा म्हणजे वरखाली दांड्या असलेला, गुंडाळी करायचा, जुना. तो माझ्या दुकानात टांगलेला असायचा, आणि दुकान भज्याच्या हॉटेलाला लागून. भज्यावरून उठलेली माशी आधी माझ्या जगावर बसायची. माशी बसली की काय ठेवून जाते ते तुम्हाला माहीतच आहे. पहिली शाळेची भिंत मिळाली तेव्हा समुद्र सगळा ठिपक्यांनी भरलेला. यातले देश कोणते आणि माशी कोणती? मी एक नियम केला: मोठा ठिपका तो देश, बारीक ठिपका ती माशी. या एका नियमावर मी अर्ध्या जगाचा निकाल लावला. श्रीलंकेच्या खाली भरसमुद्रात एक चांगला टपोरा ठिपका होता. तो हिरव्या रंगात काढला, भोवती पांढरी लाट दिली. आफ्रिकेच्या उजवीकडं जे लांबुळकं बेट आहे, मादागास्कर, त्याच्या शेजारचे बारीक ठिपके सोडून दिले.

बारा-तेरा शाळा झाल्यावर वडीगोद्रीकडं एका तरण्या मास्तरनं मला गाठलं. हातात पुस्तक. म्हणाला, ‘काका, हे श्रीलंकेखाली बेट नाहीये.’

मी म्हणलं, ‘तुम्ही गेल्ते का तिथं?’

‘नाही. पण पुस्तकात...’

‘तुमचं पुस्तक जुनं हाये. रंगाला हात लावू नका, वल्ला हाये.’

पोरांसमोर त्याला असा गप केला. घरी येऊन मात्र नकाशा उतरवला आणि त्या ठिपक्यावर नख घातलं. देश निघून आला नखात.

आता खरं ते लिहितो. दुसरा एखादा असता तर त्यानं पुढच्या भिंतीपासून तरी सुधारलं असतं. मी तसं केलं नाही. एका गावात बेट आहे आणि दुसऱ्या गावात नाही, असं झालं तर लोक विचारतील, दादाराव पेंटर चुकला का? त्यापेक्षा सगळीकडं एकसारखं असलेलं बरं. म्हणून त्यानंतरही दरेक भिंतीवर मी ते बेट काढत गेलो, आणि पुढं पुढं तर जास्त चांगलं काढायला लागलो. एका ठिकाणी त्यावर नारळाचं झाडही दिलं.

या बदनापूरजवळच्या शाळेतही ते होतंच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी सगळा नकाशा नव्यानं घोटला. संध्याकाळी मॅडम येऊन बघून गेल्या.

‘काका, मॉरिशस आहे ना यात? त्यांनाच दाखवायचंय.’

मी छातीवर हात ठेवला. ‘मॅडम, समदं जग हाये. काई सोडलेलं न्हाई.’

‘मग नाव लिहा तिथं, ठळक. मला अजून खुर्च्यांचं बघायचंय.’

त्या गेल्या. मॉरिशस कुठं असतं हे मला कुठं माहीत? कुणाला विचारायचं तर नाक खाली करावं लागतं. एवढंच कळलेलं की बेट आहे. आणि आपल्याकडं एक बिननावाचं बेट रिकामं पडलेलंच होतं. मी त्याच्या शेजारी पिवळ्या रंगात, काळी सावली देऊन, ‘मॉरिशस’ लिहिलं. अक्षर असं आलं की मीच दोन पावलं मागं सरकून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तीसेक माणसं व्हरांड्यात. केंद्रप्रमुख साहेब आले, म्हणजे दहा-बारा शाळांवर नजर ठेवणारे, यांची मुख्य नजर फोटोवर. पुढं पोरं, त्यांच्यासमोर ग्रामपंचायतीचा टीव्ही, टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा. मी मागं खांबाला टेकून. शेजारी गणेश, मोसंबीवाला, पोरीला व्हॅनमध्ये घालायचं ठरवूनच आलेला.

टीव्हीत पोरं दिसली. आपल्यासारखीच काळीसावळी, निळा गणवेश. त्यातली एक चुणचुणीत पोरगी उठली. तिचं मराठी पुस्तकातलं, पण चाल वेगळीच, गाण्यासारखी. ‘नमस्कार. माझे नाव प्रिशा आहे. तुमच्या मागे नकाशा आहे. आमचे मॉरिशस दाखवा ना.’

साहेब लगेच उठले. कॅमेऱ्याकडं तोंड करून, नकाशावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे बघा, मुलांनो! हे तुमचं सुंदर मॉरिशस!’

प्रिशा वाकून बघायला लागली. मग अगदी अदबीनं म्हणाली, ‘काका, ते आमचे नाही. आम्ही मादागास्करजवळ राहतो. तुम्ही बोट ठेवले तिथे पाणी आहे.’

तिकडची पोरं खुदखुदली. इकडं माणसं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबांचं बोट अजून पाण्यातच. त्यांनी ते काढलं आणि मॅडमवर रोखलं.

‘मॅडम, पाहुण्यांसमोर हे? नकाशा तपासून घेतला नाही तुम्ही?’

मॅडमनी एकदा नकाशाकडं बघितलं. मग नकळत माझ्याकडं. नुसती मान खाली घातली.

गणेश मला म्हणाला, ‘घ्या. जगच चुकीचं शिकवून राह्यले. व्हॅन बरी.’

मी गप. लिहायला लाज वाटते, पण गप. पन्नास वर्षांचं नाव माणूस एका मिनिटात सोडत नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली आरती उठली. पाचवीतली. तिचे आईबाप दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ही आजीजवळ राहते. त्या दिवशीही ते परतले नव्हते. तिला कुणी प्रश्न लिहून दिलेला नव्हता, कारण प्रश्न विचारणाऱ्या पोरांच्या यादीत तिचा नंबर नव्हताच. मॅडमची मान खाली असल्यामुळं तिला कुणी बसवलं नाही.

‘ए, तुमच्याकडं काय पिकतंय?’ तिनं टीव्हीला विचारलं.

‘ऊस,’ प्रिशा म्हणाली. ‘खूप ऊस.’

‘मंग तोडाया कोन येतंय?’

‘आता मशीन आहे. पण आधी आमची माणसे तोडत होती. माझ्या आजोबांचे आजोबा. ते तुमच्या महाराष्ट्रातून आले, जहाजात बसून.’

‘ऊस तोडाया?’

‘हो.’

‘मंग परत कधी आले?’

‘नाही आले.’

आरती उभीच. ‘मंग त्यांची हिकडची पोरं कोनाजवळ राह्यली?’

प्रिशानं आपल्या बाईंकडं बघितलं. ‘मला माहीत नाही,’ प्रिशा म्हणाली. ‘मी घरी आजीला विचारते.’

‘इचार,’ आरती म्हणाली. ‘मी हितंच हाये.’ आणि बसली.

बायांमधून एकीनं पदर तोंडाला लावला. आणि मला ते बारीक ठिपके डोळ्यांसमोर आले. कोयता घेऊन गेलेली, परत न आलेली एवढी माणसं मी माशीची घाण समजून सोडून दिली होती, आणि माशीच्या घाणीला नारळाचं झाड लावलं होतं.

मी खांब सोडला आणि पोरांमधून वाट काढत कॅमेऱ्यापुढं गेलो.

‘बाळा, नकाशा काढणारा पेंटर मी हाये. तुझा देश ह्या भितीवर न्हाईच. जिथं तुझं नाव लिहिलंय, ती माशी हाये.’

‘माशी?’

‘माशीची...’ मी साहेबांकडं बघितलं. ‘घाण.’

दोन्हीकडची पोरं एकदम हसत सुटली. मॅडमच्या उपक्रमात दोन देशांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

साहेब म्हणाले, ‘पेंटर, काय बोलून राह्यले तुम्ही? कार्यक्रम चालू आहे!’

‘खरं बोलून राह्यलो, साहेब. मॅडमनं मला कालच इचारलं व्हतं, मॉरिशस हाये का. मी छातीवर हात ठिवून खोटं सांगितलं. कागदावर काई लिहायचं तर दादाराव पेंटर लिहा. मॅडमचं नाव लिहिलं तर मी उद्या तुमच्या हापिसाच्या भितीवर हेच लिहून ठिवीन, आन माझं अक्षर लांबून वाचता येतंय.’

मग प्रिशालाच विचारलं, कुठं काढू सांग. तिनं सांगितलं, मादागास्करच्या उजवीकडं, अगदी जवळ नको, थोडं लांब. मी बारीक ब्रश घेतला.

‘येवढं?’

‘लहान काका. आम्ही लहान आहोत.’

ठिपका दिला. आरती पुढं येऊन बघून गेली आणि म्हणाली, ‘बरं हाये.’

या सगळ्यात कुणाला काय शिकवण मिळाली ते मास्तर लोकांनी लिहावं, त्यांना त्याचे फॉर्म असतात. मला तिसरीवाल्याला एवढंच कळलं की ज्या पोरीचा नंबर यादीत नव्हता, तिनं विचारलं ते खरं होतं. यादीतले प्रश्न, ‘तुमचा राष्ट्रीय पक्षी कोणता’ वगैरे, मागून झाले. उत्तरं दोन्हीकडं आधीच पाठ होती. पोरांना जगात पाठवायचं असेल तर भिंतीला गप बसवा आणि त्यांना बोलू द्या, हे मी मॅडमना म्हणलं. भिंत रंगवून पोट भरलेल्या माणसानं हे म्हणायला नको, पण म्हणलं.

शाळेचं सांगायचं तर गणेशनं पोरीला काढलं नाही. त्याच्या सख्ख्या भावानं मात्र जूनमध्ये आपलं पोरगं व्हॅनमध्ये बसवलंच. पट काठावर आहे. शाळा चालू आहे.

त्या दिवशी निघताना गणेशनंच मला फाटकापाशी अडवलं होतं.

‘काका, एक सांगा. बाकीच्या शाळांत बी ती माशीच हाये का?’

‘हाये.’

‘किती शाळांत?’

‘मोजल्या न्हाईत.’

‘मंग त्या पोरांनी काय करायचं?’

मी घरची वाट धरली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. म्हणाली, ‘चाळीस वर्षं मला म्हणून राह्यले, तुला काय कळतंय. मला येवढं कळतंय का माशी घरातून हाकलायची असती, तिला गावोगाव न्यायची नसती.’

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच गाडीला शिडी बांधली आणि हसनाबादेकडं गेलो. माझी पहिली भिंत तिकडच्याच एका शाळेत. प्रार्थना नुकतीच झाली होती. मास्तरला सांगून सगळी पोरं व्हरांड्यात काढली, दरेकाच्या हातात खडू दिला, त्यांची भूगोलाची पुस्तकं उघडायला लावली आणि म्हणलं, ‘ह्यात जिथं जिथं चूक सापडंल तिथं फुली मारा. माझी भीड धरू नका.’ पोरं आधी मास्तरकडं बघायला लागली, मग एकानं पहिली फुली मारली, आणि मग कुणी ऐकेना. अकरा ठिकाणी फुल्या झाल्या. एका बारक्या पोरीनं तर खाली कोपऱ्यात माझ्या सहीवरसुद्धा मारली.

‘ती राहू दे,’ मी तिला म्हणलं, ‘चुका कोनाच्या ते कळाया पाहिजे.’ आणि शिडी लावून वर चढलो.